पाठ केलेली आजी

प्रीतीला फ्रेंच येते हे जाफराबादेत सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्या फ्रेंचचं करायचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं. विद्यापीठात जर्मनच्या वर्गातल्या जागा भरल्या म्हणून ती फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसली आणि बसली ती बसलीच. एकामागून एक परीक्षा देत पार वरच्या पायरीला पोचली. तिचे वडील तातेराव जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, नुकतेच निवृत्त झालेले. बाजारात कोणी विचारलं की ते छाती काढून सांगायचे, "पोरगी फ्रेंच शिकून राह्यली." समोरचा "बरं, बरं" म्हणायचा आणि गाडी सोयाबीनच्या भावावर न्यायचा.

अशात फ्रान्सच्या एका बियाणे कंपनीने जालन्यात कार्यालय उघडलं. जालन्यात बियाण्याच्या कंपन्या बाभळीसारख्या, कुठंही उगवतात. पण या कंपनीला इथले शेतकरी आणि तिकडचे साहेब यांच्यामध्ये उभं राहून बोलणारं माणूस हवं होतं. प्रीतीने अर्ज केला. कंपनीतल्या कल्याण नावाच्या माणसाचा फोन आला. "मुलाखत पूर्ण फ्रेंचमध्ये होईल," असं त्याने रुबाबात सांगितलं आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मला स्वतःला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तुमचं तुम्ही बघून घ्या."

पुस्तकातली फ्रेंच वेगळी आणि मुलाखतीत जीभ चालवणं वेगळं. विद्यापीठातल्या सरांनी तिला नेहलचा नंबर दिला. नेहल म्हणजे जुन्या जालन्यातल्या एका ठोक कापड दुकानदाराची सून. लग्नानंतर काही वर्षं ती नवऱ्याबरोबर फ्रान्समध्ये राहिली होती. सासरे आजारी पडल्यावर दोघं परत आले आणि नवरा दुकानात बसू लागला. नेहलला शिकवायची हौस होती. फोनवरच म्हणाली, "फीचं नाव काढायचं नाही. आपल्या जालन्याची मुलगी पुढे जाते आहे, मला आनंद आहे."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिकवणी सुरू झाली. खाली कापडाचे तागे उलगडल्याचा थपथप आवाज, वर खळीचा वास, आणि नेहल तिला घशातला र शिकवतेय. नेहलचे उच्चार खरोखर सुंदर होते. प्रीती एसटीने यायची, शिकून परत जायची, आणि वाटेत खिडकीशी बसून ओठ हलवत राहायची. हे दिवस चांगले होते. 

मग उत्तरं सुरू झाली.

"'तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता?' असं विचारतील," नेहल म्हणाली. "तू सांगायचं, मला प्रत्येक गोष्ट अगदी अचूक करायची सवय आहे, त्याचा मलाच त्रास होतो."

"पण हा दोष कुठाय, ताई? ही तर स्वतःचीच वाहवा झाली."

"तेच तर! सगळे असंच सांगतात."

मग 'आमच्याच कंपनीत का यायचंय?' तर म्हणे, मला लहानपणापासून बियाण्यांची ओढ आहे. प्रीतीला लहानपणी बियाण्याचं एकच माहीत होतं. शेजाऱ्यांच्या ओसरीत पेरणीआधी औषध लावलेल्या सरकीची लालभडक पाकिटं पडलेली असायची आणि त्यांच्या उग्र दर्पाने तिचं डोकं दुखायचं. पण तिने ते वाक्य पाठ केलं. भेंडी चिरल्यावर बोटांना बुळबुळ चिकटते तसं ते वाक्य जिभेला चिकटलं. पाण्याने धुवावं तर जास्तच पसरतं, तशातली गत. असतं असंच, म्हणून तिने मनाची समजूत घातली. नोकरी पाहिजे तर एवढं करावं लागतं.

एके दिवशी नेहल म्हणाली, "आता मुख्य प्रश्न. सगळ्या मुलाखती यानेच सुरू होतात. 'पार्ले म्वा द व्हू.' तुमच्याबद्दल सांगा. सांग बघू."

प्रीतीने सांगितलं. जन्म जाफराबादचा, वडील शिक्षक, आई अंगणवाडीत, शिक्षण अमुक, भाषा तमुक. नेहलने हनुवटी तळहातावर टेकवून सगळं ऐकलं.

"चूक एकही नाही. पण हे कोणीही सांगेल गं. यात तू कुठेयस?"

"मी म्हणजे हीच की, ताई."

"तसं नव्हे. मी तिकडच्या लोकांमध्ये राहिलेय. त्यांना माणसाचा संघर्ष ऐकायला आवडतो. तुमच्या समाजाने केवढं सोसलंय! त्यातलं काहीतरी सांग ना."

प्रीतीला आधी अवघडल्यासारखं झालं. पण नेहलचे डोळे मायेचे होते, आवाज मऊ होता, आणि इतके दिवस फुकट शिकवणाऱ्या बाईला नाही तरी कसं म्हणणार? तिने आजीची गोष्ट सांगितली.

आजी म्हणजे झुंबरबाई, तातेरावांची आई. ती तरुण असताना गावातल्या हॉटेलात त्यांच्या वस्तीतल्या माणसांसाठी मागच्या भिंतीला एक कप खिळ्याला अडकवलेला असायचा. तो आपणच काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच धुवायचा, परत खिळ्याला लावायचा. एका दुपारी झुंबरबाईने चहा पिऊन झाल्यावर तो कप धुतला, पुसला, मालकाच्या समोर आली आणि हॉटेलाच्या पायरीवर आपटून फोडला. म्हणाली, "आता नवा आण. अन् ह्या बारीला तुझ्यासाठी लाव खिळ्याला." त्यानंतर तिने मरेपर्यंत हॉटेलात चहा प्यायला नाही. घरी गुळाचा करायची आणि येईल त्याला पाजायची.

"बापरे," नेहल म्हणाली. "हेच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर नेहलच्या आवाजातला संदेश आला. अख्खं उत्तर तिने तयार करून, वाचून, पाठवलं होतं. प्रीतीने ते एसटीत कानाला लावून ऐकलं. फ्रेंच इतकी देखणी होती की पहिल्यांदा तिचं अर्थाकडे लक्षच गेलं नाही. दुसऱ्यांदा ऐकल्यावर गेलं. त्यात तिचे वडील शेतमजूर होते आणि त्यांना सही करता येत नव्हती. आजी रोज हॉटेलाच्या मागे उभी राहून वेगळ्या कपातून चहा प्यायची आणि मुकाट्याने रडायची. कप फुटलाच नव्हता. 

"ताई, पप्पा मास्तर होते," जालन्याला पोचल्या पोचल्या प्रीती म्हणाली.

"अगं, पण आजोबा मजूर होते ना? मग एक पिढी इकडची तिकडे. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"

"अन् आजी रडली न्हाई. तिनं कप फोडला."

नेहल समजूत घातल्यासारखं हसली. "फोडला म्हटलं की बाई भांडखोर वाटते. मुलाखतीत भांडखोर नको. रडणं कसं, थेट भिडतं. आणि तू होतीस का तिथे? तुला काय माहीत, घरी जाऊन रडली नसेल कशावरून?"

 प्रीती तिथे नव्हती, हे खरंच होतं.

तिने पाठ करायला घेतलं. घरी आई, बेबीनंदा, भाकऱ्या थापत असायची आणि प्रीती विळीवर कांदा चिरत पुटपुटायची. एकदा आई हात थांबवून म्हणाली, "काय गोड वाटून राह्यलं गं ऐकायला! काय म्हणून राह्यलीस?"

"माझी माहिती सांगायली, मम्मी."

"म्हण, म्हण. मला न्हाई कळत, पण म्हण."

प्रीती म्हणत राहिली, वडिलांना सही येत नाही असं, वडील चार हातांवर बसून पेपर वाचत असताना. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.  

मुलाखत जवळ आली तेव्हा नेहलने एक तालीम ठेवली. तिची मामेबहीण कनिका शिकायला फ्रान्सला जाणार होती. तीही नेहलकडे शिकवणीला येऊ लागली होती, ती ऐकायला बसली. प्रीतीने उभं राहून सुरुवात केली. एवढ्यात नेहलच्या सासूबाई, मंजूबाई, चहाचा ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कपबश्या होत्या आणि एक कागदी कप. कपबश्या त्यांनी नेहल आणि कनिकापुढे ठेवल्या. कागदी कप प्रीतीपुढे. "ले बेटा, गरम आहे," असंही म्हणाल्या, अगदी प्रेमाने.

प्रीतीला आतापर्यंत इथे कागदी कपातच चहा मिळाला होता. तिला वाटायचं, शिकवणीला येणाऱ्या सगळ्यांना तसाच देत असतील. कनिकाही शिकवणीलाच आली होती.

ती थांबलेली पाहून नेहलने तिच्या नजरेचा माग घेतला. तिला कळलं. तिचे कान लाल झाले. मंजूबाई जिन्यावरून खाली गेल्या तशी ती हळू आवाजात म्हणाली, "सासूबाईंचं जरा तसं आहे. तुम्ही लोक नॉनव्हेज खाता ना, म्हणून. तू मनावर घेऊ नकोस. बिलकुल मनावर घेऊ नकोस. चल, कुठे होतो आपण? 'उन तास आ पार.' वेगळा कप. तो शेवटचा र घशातून आला पाहिजे."

आणि प्रीतीने म्हटलं. का म्हटलं, हे तिला पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. समोर कागदी कप वाफाळत होता आणि ती उभी राहून वेगळ्या कपाबद्दल बोलत होती, रडणाऱ्या आजीबद्दल बोलत होती, आणि शेवटचा र घशातून इतका स्वच्छ आला की नेहलने टाळी वाजवली.

"परफेक्ट!"

कनिका डोळे पुसत म्हणाली, "किती टचिंग आहे ना! आता असं काही राहिलं नाही, बरं झालं."

प्रीतीच्या तोंडात पाणी सुटलं, उलटीआधी सुटतं तसं. "येते ताई, गाडी चुकंल," म्हणून ती जिना उतरली. गल्लीत कापडाचे गठ्ठे उतरवणारे हमाल तिला बाजूला हो म्हणत होते, रिक्षा भोंगे वाजवत होत्या, आणि ती एका बंद दुकानाच्या कठड्याला धरून गटारीवर वाकून उभी होती. पडलं काहीच नाही, नुसते उमासे आले. तिला मंजूबाईंची किळस आली, टाळी वाजवणाऱ्या नेहलची आली, पण सगळ्यात जास्त त्या स्वच्छ आलेल्या र ची आली.

त्या रात्री तिने ठरवलं, हे बोलायचं नाही. तिने आपलं साधं उत्तर पुन्हा जुळवलं. वडील शिक्षक, आई अंगणवाडीत. नेहलकडे ती परत गेली नाही; बरं नाही, एवढाच निरोप पाठवला.

मुलाखत कंपनीच्या कार्यालयात, पडद्यावर झाली. पलीकडे मादाम व्हेर्निए नावाची पिकलेल्या केसांची बाई होती. अलीकडे प्रीती, आणि कोपऱ्यात कल्याण, न कळणाऱ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत. मादाम हसून म्हणाली, "पार्ले म्वा द व्हू."

प्रीतीने तोंड उघडलं. घाबरलेलं माणूस अंधारात पायाखालची वाट धरतं, तशी तिच्या जिभेने पाठ झालेली वाट धरली. साधं उत्तर कुठल्या कुठे गेलं. नेहलची फ्रेंच, नेहलचा चढउतार, नेहलचे श्वास घ्यायचे थांबे. मजूर बाप, न येणारी सही, वेगळा कप, मुकी रडणारी म्हातारी. ती स्वतःला ऐकत होती आणि थांबवू शकत नव्हती. पडद्यावर मादामने चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा टिपल्या. पुढचे सगळे प्रश्न सोपे गेले. शेवटी मादाम म्हणाली की पुढच्या महिन्यात ती स्वतः जालन्याला येणार आहे, तेव्हा समोरासमोर भेटू. पण समजा, तुमचं झाल्यासारखंच आहे.

घरी आनंदीआनंद. तातेरावांनी पेढे आणले. संध्याकाळी ओसरीत बसून म्हणाले, "आता जसंच्या तसं सांग. त्यांनी काय विचारलं, तू काय सांगितलं. मराठीत सांग, म्हंजे तुझ्या मायलाबी कळंल."

"जाऊ द्या न् पप्पा."

"असं कसं? सांग की."

प्रीतीने सांगितलं. सुरुवात तिने जमिनीकडे बघत केली आणि मध्येच थांबता येईना. तातेराव आधी हसले. त्यांना वाटलं पोरगी गंमत करतेय. मग त्यांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "जल्मभर फळ्यावर लिहून लिहून माझा खांदा गेला, अन् तू मला अंगठेबहाद्दर केलं."

"अन् मी?" बेबीनंदाने विचारलं. "मी काय करत होते त्यात?"

"तू त्यात नव्हतीसच, मम्मी."

"बरं झालं," बेबीनंदा म्हणाली आणि उठून आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला.

तातेरावांनी पेढा ताटात ठेवला. "माय रडली न्हाई. मी होतो तिथं. तिच्या लुगड्याला धरून उभा होतो. कपाचा तुकडा उडून माझ्या पायाला लागल्ता, रक्त आल्तं. घरी जाईस्तोवर ती हसत होती. म्हणे, तात्या, तुझं रक्त निघालं पण त्याचं तोंड बघितलं का?" ते थांबले. "झालं ते सांगायची मला लाज न्हाई, प्रीती. कुठंबी सांग. पण तिनं फोडलेला कप तू पुन्हा जोडून तिच्या हातात दिला."

प्रीती रडली नाही. रडायचाच तिला वीट आला होता. 

महिन्याने मादाम आली. कार्यालयात तिने प्रीतीचे दोन्ही हात हातात घेतले, जसे आजारी माणसाचे घेतात. प्रीतीने हात सोडवले आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. या वेळी फ्रेंच अडखळत येत होती, क्रियापदं चुकत होती, र सुद्धा धड येत नव्हता. "मी मागे सांगितलं त्यातलं बरंच खोटं होतं. माझे वडील शिक्षक आहेत. माझी आई नोकरी करते. माझी आजी रडली नव्हती, तिने कप फोडला होता."

मादामने तिच्याकडे पाहिलं. कल्याण कोपऱ्यातून हसून मान डोलावत होता.

"मग तेव्हा खोटं का सांगितलंत?"

"कारण ते पाठ होतं. आणि तुम्हाला आवडेल असं मला सांगितलं होतं."

मादाम खिडकीपाशी गेली, परत आली. "आवडलं होतं, हे खरं आहे," ती म्हणाली. मग खुर्चीत बसत, जरा संकोचून: "अडचण अशी आहे की मी ते आमच्या कंपनीच्या पुस्तिकेसाठी पाठवून दिलं आहे. तुमच्या फोटोसह छापणार होते. वडिलांचं आपण काढून टाकू. पण आजीचं... रडण्याचं तेवढं राहू दिलं तर? त्याने कोणाचं नुकसान तर होत नाही."

प्रीतीला वाटलं होतं की ही बाई चिडेल, हाकलून देईल. ते सोपं गेलं असतं. 

"नाही," ती म्हणाली. "छापायचं तर कप फोडला असं छापा. नाहीतर काहीच छापू नका."

"दोमाज," मादाम म्हणाली. म्हणजे, अरेरे. नासकी मोसंबी टोपलीत परत ठेवताना म्हणावं, तसं.

पुस्तिकेत काहीच छापलं गेलं नाही. नोकरी मात्र मिळाली. कल्याणने कारण सांगितलं, "पुण्याची एक उमेदवार होती, पण जालन्यात राहायचं म्हटल्यावर ती नको म्हणाली. मग तुम्हीच."

बातमी कळताच नेहलचा फोन आला. तिचा आवाज आनंदाने भरलेला होता. "बघ! म्हटलं नव्हतं मी, आपली स्टोरी चालणार म्हणून?"

"ताई, ती मी परत घेतली. खरं काय ते सांगितलं त्यांना."

"का गं? एवढी मेहनत घेतली मी तुझ्यावर."

"घेतली. उच्चार तुम्हीच शिकवले, ते मी विसरणार न्हाई. पण ताई, त्या दिवशी कनिकाला कपबशी होती अन् मला कागदाचा कप होता. ते तुम्ही बघितलं, अन् मंग मला पुढचं वाक्य म्हणायला लावलं."

"अगं, सासूबाईंचं..."

"सासूबाईंचं न्हाई म्हणून राह्यले मी. तुमचं म्हणून राह्यले."

 नेहलने फोन ठेवून दिला. प्रीतीला बरं वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. 

आता ती कार्यालयाच्या गाडीतून गावोगावी जाते, शेतकऱ्यांचं साहेबांना आणि साहेबांचं शेतकऱ्यांना सांगते. काम ती चोख करते. पण फ्रान्सहून नवीन कोणी आलं आणि हसून म्हणालं, तुमच्याबद्दल सांगा, की तिच्या घशाशी तेच येतं, न अडखळता, सुंदर चालीत, अगदी पहिल्या शब्दापासून. शिळ्या तेलाची ढेकर यावी तसं. ती थांबते, एक आवंढा गिळते, समोरच्याला वाटतं हिला शब्द आठवत नाही. तेवढा वेळ जाऊ देऊन मग ती सुरू करते, "मों पेर एते आंस्तित्युतर." माझे वडील शिक्षक होते.